विश्लेषण : ‘लेडी विथ द लॅम्प’ आयुष्यभर खिडकीसाठी का झगडल्या? नाइटिंगेल, उजेड आणि आजच्या इमारती

नर्सिंग महाविद्यालयांत दरवर्षी ‘लॅम्प लायटिंग’चा सोहळा होतो. पांढऱ्या गणवेशातील विद्यार्थिनी हातात दिवा घेऊन शपथ घेतात. तो दिवा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो आणि केंद्र सरकार १९७३ पासून त्यांच्या नावाने परिचारिकांना राष्ट्रीय पुरस्कार देते.

मात्र दिवा घेऊन रात्री रुग्णांमधून फिरण्याचा काळ त्यांच्या ९० वर्षांच्या आयुष्यात जेमतेम पावणेदोन वर्षांचा. त्यानंतरची कित्येक वर्षे त्या इमारतींशी भांडत होत्या. खिडकी किती उंच हवी, ती कोणत्या दिशेला हवी, दोन खाटांमागे किती खिडक्या हव्यात, रुग्णाला पडल्या पडल्या आकाश दिसते की नाही, असे त्यांचे प्रश्न होते. आज ‘ग्रीन बिल्डिंग’च्या माहितीपत्रकात ‘डेलाइट’ आणि ‘व्ह्यू’ असे रकाने असतात. ते रकाने दीडशे वर्षांपूर्वी आकड्यांसह मांडणारी ही बाई वास्तुविशारद नव्हती आणि अभियंताही नव्हती.

श्रीमंत घरातील मुलगी रुग्णालयात कशी पोहोचली?

नाइटिंगेल यांचा जन्म १८२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. आई-वडील लग्नानंतर युरोपच्या लांबच्या प्रवासात होते. थोरली मुलगी नेपल्सला जन्मली म्हणून तिला त्या शहराचे जुने ग्रीक नाव पार्थेनोपी, तर धाकटीला फ्लॉरेन्स. इंग्लंडमध्ये कुटुंबाची दोन मोठी घरे होती. डर्बीशायरमधील ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमधील एम्ब्ली. वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. धाकटीला त्यापलीकडे गणिताची ओढ होती, जी त्या काळातील आईला फारशी मानवणारी नव्हती.

वयाच्या सोळाव्या वर्षी आपल्याला ईश्वराने सेवेसाठी बोलावले असल्याची त्यांची भावना झाली. मात्र रुग्णालयात शिकायला जाण्याची परवानगी घरातून मिळेना. ती न देण्याला कारणही होते. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालय म्हणजे गरिबांची जागा. पैसेवाले घरीच उपचार घेत. परिचारिकेच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती, प्रशिक्षण नव्हते. चांगल्या घरातून आलेले लग्नाचे मागणेही नाइटिंगेल यांनी नाकारले. अखेर १८५१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, जर्मनीतील कैसर्सवर्थच्या संस्थेत त्यांना तीन महिने शिकता आले.

१८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीट भागात आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. तिथे त्यांनी केलेल्या पहिल्या मागण्या पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर चढवण्यासाठी छोटी लिफ्ट, रुग्णाने घंटा वाजवली की कोणत्या खाटेवरून वाजली ते कळेल अशी सोय. परिचारिकेचा निम्मा वेळ जिन्यात जात असेल तर दोष जिन्याचा आहे, हे त्यांना पहिल्याच नोकरीत समजले होते.

स्कुटारीत नेमके काय घडले?

१८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू होते. जखमी ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले आणि लंडनमध्ये संताप उसळला. युद्ध खात्यातील मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांची तुकडी घेऊन त्या नोव्हेंबरमध्ये इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीला, म्हणजे आजच्या उस्कुदारला पोहोचल्या.

रुग्णालय म्हणून वापरात असलेली इमारत ही मुळात तुर्की सैन्याची बराक. मधोमध प्रचंड चौक, भोवती लांबच लांब व्हरांडे आणि त्यांत दुतर्फा रुग्णांच्या रांगा. खाली तुंबलेली गटारे. हवा कोंडलेली. नाइटिंगेल यांनी कपडे, भांडी, अन्न, धुलाई यांची घडी बसवली. रात्री त्या हातात कंदील घेऊन फेरी मारत. चित्रांमध्ये त्यांच्या हातात अलादिनच्या गोष्टीतला असावा तसा तेलाचा दिवा दिसतो. प्रत्यक्षात तो घडी होणारा तुर्की फानूस होता. लंडनच्या वृत्तपत्रातील वर्णन आणि त्यानंतर अमेरिकी कवी लाँगफेलो यांची १८५७ मधील कविता यांनी तो दिवा कायमचा त्यांच्या हाती दिला.

मात्र त्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर गेले होते. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारचा स्वच्छता आयोग तिथे आला. डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन हे त्यातील प्रमुख. त्यांनी गटारे उपसली, पाण्याचा मार्ग साफ केला, छताजवळ आणि खिडक्यांत हवेसाठी जागा केल्या, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवर आले.

नाइटिंगेल यांच्या चरित्रांत हा भाग बहुतेक वेळा घाईने उरकला जातो, कारण तो दंतकथेला सोयीचा नाही. परिचारिकांनी जीव ओतून काम केले तरी इमारत रुग्णांना मारत होती. काही अभ्यासकांच्या मते ही जाणीव त्यांना तिथे असताना पुरती झालीच नव्हती, ती इंग्लंडला परतल्यावर आकडे पाहताना झाली.

आकड्यांनी काय दाखवले?

१८५६ च्या उन्हाळ्यात त्या परतल्या तेव्हा देशभर त्यांचे नाव झाले होते. त्यांनी सत्कार टाळले. क्रिमियात जडलेला ताप पुढे अनेक वर्षे उलटत राहिला. आजच्या डॉक्टरांच्या अंदाजानुसार तो ब्रुसेलोसिस असावा. १८५७ नंतरचा बराच काळ त्यांनी अंथरुणात काढला. पुढचे जवळपास सगळे काम तिथूनच झाले.

विल्यम फार हे त्या काळातील इंग्लंडचे अग्रगण्य संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्या मदतीने नाइटिंगेल यांनी सैन्यातील मृत्यूंची वर्गवारी केली. लढाईतील जखमांनी किती गेले आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी किती, हे महिन्यागणिक मांडले. त्यासाठी त्यांनी गोलाकार पाकळ्यांची आकृती वापरली. तक्ता वाचायचा कंटाळा असलेल्या मंत्र्यालाही रोगांची निळी पाकळी जखमांच्या पाकळीला झाकून टाकताना दिसावी, हा हेतू होता. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

नेटलीचे प्रकरण काय होते?

त्यांच्या इमारतींच्या लढाईतील सर्वात मोठा पराभव नेटलीचा.

साउदॅम्प्टनजवळ समुद्राच्या खाडीकाठी सैन्यासाठी भव्य रुग्णालय उभे राहत होते. मे १८५६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने पायाभरणी केली, तेव्हा नाइटिंगेल अजून इंग्लंडला परतल्याही नव्हत्या. परतल्यावर त्यांच्यासमोर नकाशे आले आणि त्या हादरल्या. इमारत जवळपास पाव मैल लांब. खाडीकडील, ऊन येणाऱ्या बाजूला मजल्यामागून मजले लांबलचक बोळ. रुग्णांच्या खोल्या मात्र त्या बोळाच्या मागे, ईशान्येच्या अंगाला. म्हणजे उत्तम उजेड आणि समुद्राचे दृश्य ये-जा करणाऱ्यांना. आजाऱ्यांना मागची थंड, सावलीतली बाजू. शिवाय खोल्यांना एकाच बाजूने खिडक्या असल्याने आरपार हवा नाही. खोल्यांतील कोंडलेली हवा जाणार कुठे, तर त्याच बोळात आणि तिथून दुसऱ्या खोल्यांत.

खाडीतून जाणाऱ्या जहाजावरून पाहिले तर इमारत राजवाड्यासारखी दिसे. त्यांचा आक्षेप नेमका यालाच होता. दर्शनी भाग पाहणाऱ्यासाठी आखला होता, आत पडून राहणाऱ्यासाठी नाही.

पंतप्रधान लॉर्ड पामर्स्टन यांचे ब्रॉडलँड्स हे घर एम्ब्लीपासून जवळच. नाइटिंगेल यांनी त्यांची भेट घेतली, नकाशातील दोष समजावून सांगितले. पामर्स्टन यांना ते पटले आणि त्यांनी युद्धमंत्र्यांकडे बांधकाम थांबवण्याचा आग्रहही धरला. पण पाया झाला होता, भिंती वर येत होत्या, कंत्राटे दिली गेली होती. पाडून पुन्हा बांधायचे म्हणजे खर्च आणि नामुष्की. देशाचा पंतप्रधान बाजूने असूनही नकाशा बदलला नाही. किरकोळ सुधारणा करून १८६३ मध्ये रुग्णालय सुरू झाले आणि अनेक दशके वापरात राहिले. मुख्य इमारत १९६६ मध्ये पाडण्यात आली; आज तिथे फक्त मधले प्रार्थनागृह उभे आहे.

बांधकामाचा अनुभव असलेल्या कुणालाही यातील गोम कळेल. रंग बदलता येतो, दिवे बदलता येतात, वातानुकूलन नंतर बसवता येते. इमारतीची दिशा, रुंदी आणि दोन इमारतींमधील अंतर नंतर बदलता येत नाही. नेटलीनंतर नाइटिंगेल यांनी नकाशा कागदावर असतानाच गाठण्याचा सपाटा लावला.

त्यांच्या मते उजेड किती आणि कसा हवा?

१८५९ मध्ये रुग्णालयांवरील त्यांचे ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ प्रसिद्ध झाले. पाठोपाठ सामान्य गृहिणींसाठी लिहिलेले ‘नोट्स ऑन नर्सिंग’ आले आणि ते हातोहात खपले. या दुसऱ्या पुस्तकात उजेडावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा आशय असा की, आजाऱ्याला ताज्या हवेखालोखाल गरज असते ती उजेडाची. नुसता उजेड पुरत नाही, खोलीत थेट ऊन यायला हवे. अंधाऱ्या खोलीचा परिणाम मनावर होतो तसा शरीरावरही होतो. रुग्णाला उशीवरून मान न वळवता खिडकीबाहेर पाहता यावे. खाटेवर पडलेली माणसे झाडाच्या पानांसारखी उजेडाकडे तोंड करून वळतात, हे त्यांचे निरीक्षण होते. रस्त्याच्या सावलीतल्या बाजूच्या घरांत मुले जास्त आजारी असतात, असेही त्या नोंदवतात.

रुग्णालयांवरील पुस्तकात हेच सगळे मोजमापात येते. वॉर्ड सुमारे ३० फूट रुंद, त्यात ३० च्या आसपास खाटा. दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर खिडक्या. दर दोन खाटांमागे किमान एक खिडकी. ती जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सुरू व्हावी आणि छताच्या खाली फूटभरापर्यंत जावी. वॉर्डाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन एका बाजूने आणि दुपारनंतरचे दुसऱ्या बाजूने येईल. प्रत्येक वॉर्ड स्वतंत्र इमारतीत, आणि अशा इमारतींमध्ये भरपूर मोकळी जागा. भिंती फिक्या रंगाच्या, गुळगुळीत, धुता येतील अशा.

या मापांमागचे गणित आजही लागू पडते. खिडकीतून येणारा उपयुक्त उजेड खोलीत किती आत पोहोचतो याचा वास्तुविशारदांचा ठोकताळा असा, की खिडकीचा वरचा काठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट खोलीपर्यंत. वॉर्डाचे छत १५-१६ फूट असेल आणि खिडकी जवळजवळ छताला भिडत असेल, तर ३० फूट रुंदीची खोली एका बाजूच्या खिडक्यांनीही उजळते. इथे तर खिडक्या दोन्ही बाजूंना. संपूर्ण वॉर्डात दिवसा दिवा लावण्याची वेळ येऊ नये असा हा हिशेब आहे. त्या काळी दिवा म्हणजे तेल किंवा गॅस. दोन्ही खोलीतील हवा तापवत आणि बिघडवत. म्हणून उजेड आणि हवा हे नाइटिंगेल यांच्या लेखी एकाच खिडकीचे दोन उपयोग होते.

ही कल्पना एकट्या त्यांची नव्हती, हेही सांगायला हवे. वेगवेगळ्या इमारतींचे असे रुग्णालय फ्रान्समध्ये आधीपासून विचारात होते आणि पॅरिसचे लारिबोआझिएर रुग्णालय १८५४ मध्ये सुरूही झाले होते. नाइटिंगेल यांनी ते आकडे, मापे आणि आपले वजन वापरून पुढे रेटले. वुलिचचे हर्बर्ट रुग्णालय (१८६५) आणि संसदेसमोर थेम्सकाठी सात स्वतंत्र इमारतींत उभे राहिलेले सेंट थॉमस रुग्णालय (१८७१) ही त्याची ठळक उदाहरणे. सेंट थॉमसमध्येच १८६० मध्ये त्यांच्या नावाची परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली होती. पुढची अनेक दशके जगभर अशा लांब, उंच खिडक्यांच्या दालनाला ‘नाइटिंगेल वॉर्ड’ म्हटले गेले.

त्या बरोबर होत्या का?

उत्तर बरोबर होते, कारण बरेचसे चुकीचे होते.

घाणीतून आणि कोंडलेल्या जागेतून निघणारी दूषित हवाच रोग पसरवते, हा त्या काळचा सर्वमान्य समज नाइटिंगेल यांचाही होता. जंतूंचा सिद्धांत त्यांनी अनेक वर्षे मनापासून स्वीकारला नाही. गंमत अशी की, त्यांच्या खिडकीची बाजू अखेर जंतूंच्याच अभ्यासाने भक्कम केली. १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोन ब्रिटिश संशोधकांनी सूर्यप्रकाशात जिवाणूंची वाढ थांबते असे दाखवले. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनीही १८९० मध्ये उन्हाने तो मरतो असे सांगितले. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये वैद्यकाचे नोबेल मिळाले, ते त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल. साधी काच अतिनील किरणांचा जंतुनाशक भाग बराचसा अडवते, त्यामुळे बंद खिडकीतून येणारे ऊन आणि उघड्यावरचे ऊन यांत फरक असतो. नाइटिंगेल यांच्या खिडक्या मात्र उघडण्यासाठीच होत्या.

त्यांच्या आकड्यांवरही सगळेच खूश नव्हते. १८६३ च्या आवृत्तीत त्यांनी लंडनच्या २४ मोठ्या रुग्णालयांतील मृत्यूदर ९० टक्क्यांवर असल्याचे छापले. हा आकडा फार यांच्या तक्त्यातून आला होता आणि त्यात वर्षभरातील मृत्यूंना एका ठरावीक दिवशीच्या रुग्णसंख्येने भागले होते. वर्षभरात त्याच खाटेवर अनेक रुग्ण येऊन जातात, हे त्यात धरलेच नव्हते. डॉक्टरांनी त्यावर कडाडून टीका केली आणि ती रास्त होती. दालनातील ३० रुग्णांना खासगीपणा नसतो, एकाचे कण्हणे सगळ्यांना ऐकू येते, ही नाइटिंगेल वॉर्डाची उणीवही पुढे जाणवलीच.

भारताशी संबंध काय?

नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. तरी भारतावर त्यांनी जितके वाचले-लिहिले तितके इथे वर्षानुवर्षे राहिलेल्या फार थोड्या अधिकाऱ्यांनी केले असेल. १८५९ मध्ये भारतातील ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यासाठी शाही आयोग नेमला गेला. प्रत्येक छावणीला प्रश्नावली पाठवली गेली आणि ती तयार करण्यात नाइटिंगेल यांचा मोठा वाटा होता. लंडनमधील त्यांच्या घरी कागदांचे गठ्ठे येऊन पडू लागले. १८६३ चा अहवाल दोन खंडांत २,०२८ पानांचा झाला. संसदेसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीतून त्यांचे टिपण गळले, तेव्हा त्यांनी ते स्वतंत्रपणे छापून घेतले.

त्यात दिसलेले चित्र स्कुटारीचेच होते. भारतातील ब्रिटिश सैनिकांत दर हजारी ६९ मृत्यू, तेही बहुतांश रोगांनी. शेकडो शिपाई एकाच दालनात. सांडपाण्याला वाट नाही. दहा वर्षांनंतर हे प्रमाण १८ वर आल्याचे त्यांनी मांडले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर हे त्यांचे निकटचे सहकारी झाले. पुढे त्यांचे लक्ष छावणीबाहेरच्या भारताकडे वळले. दुष्काळ, सिंचन, खेड्यांतील पाणी आणि सफाई यांवर त्या लिहू लागल्या. विल्यम वेडरबर्न यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही खेड्यांच्या आरोग्याबाबत त्यांची पत्रे झाली.

त्यांचा वॉर्ड इथे जसाच्या तसा चालला नसता, हेही खरे. लंडनमध्ये पश्चिमेचे ऊन म्हणजे चैन; नागपूर किंवा जळगावात तेच ऊन एप्रिलमध्ये भिंत तापवते. आपल्याकडचा प्रश्न उष्णता बाहेर ठेवून उजेड आत घेण्याचा. वाड्याचा चौक, खोल ओसरी, पुढे आलेली पागोळी ही त्याची जुनी उत्तरे आहेत.

अखेरची वर्षे कशी होती?

१८६५ पासून नाइटिंगेल लंडनच्या मेफेअर भागात साउथ स्ट्रीटवरील घरात राहत. त्यांची झोपण्याची खोली मागच्या बाजूला, शेजारच्या बागेकडे तोंड करून होती. पांढऱ्या भिंती, पडदे नसलेल्या खिडक्या, आत भरपूर उजेड. व्हिक्टोरियाच्या काळातील श्रीमंत घरे जाड मखमली पडद्यांनी अंधारलेली असत, त्या मानाने ही खोली भेटायला येणाऱ्यांना वेगळीच वाटे. त्या खाटेवरून त्यांनी मंत्री, व्हाइसरॉय, अभियंते यांना हजारो पत्रे लिहिली. मग दृष्टी मंदावत गेली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला जवळपास पूर्ण गेली. १९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तो सन्मान घरी आला तेव्हा काय चालले आहे हे त्यांना फारसे उमगत नव्हते. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमधील दफनाचा प्रस्ताव कुटुंबाने नाकारला आणि एम्ब्लीजवळच्या ईस्ट वेलो गावातील चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले.

मुंबईत ६३.५ अंशांचा नियम कुठून आला?

याच सुमारास मुंबईत उजेडाचा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला होता. १८९६ मध्ये प्लेग आला. सरकारी पथके चाळींतील खोल्यांना चुना देत होती आणि ऊन आत यावे म्हणून छपरावरची कौले काढत होती. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१० च्या दशकात त्याचे अध्यक्ष असलेल्या जे. पी. ऑर यांनी एक कोन धरून ठेवला. समोरच्या इमारतीची उंची, दोन इमारतींमधील अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त नसावी. भूमितीत हा कोन साडेत्रेसष्ट अंशांच्या आसपास येतो. ऑर यांचा नियम नाइटिंगेल यांच्या पुस्तकातून आलेला नाही. पण इमारतीतील माणसाचे आरोग्य दोन भिंतींमधल्या मोकळ्या जागेवर ठरते, हे सूत्र दोघांचे सारखेच.

आजच्या ‘ग्रीन’ इमारतींत काय पाहावे?

विसाव्या शतकाच्या मध्यावर प्रतिजैविके आली, ट्यूबलाइट आणि वातानुकूलन स्वस्त झाले आणि खिडकी अनावश्यक वाटू लागली. रुंद, खोल इमारती उभ्या राहिल्या. तिचे महत्त्व पुन्हा पटायला संशोधन लागले. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. २००२ मध्ये डोळ्याच्या पडद्यातील एका वेगळ्या पेशींचा शोध लागला. त्या पाहण्यापेक्षा शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवण्याचे काम प्रामुख्याने करतात. दिवसा उजेड कमी आणि रात्री जास्त मिळाला की झोप बिघडते, त्यामागे हे कारण आहे. ढगाळ दिवशीही बाहेर १०,००० लक्सच्या आसपास उजेड असतो. घरातील दिव्यांचा मिळून १००-२०० लक्स.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या किमान एक षष्ठांश आणि कोरड्या-उष्ण हवामानात एक दशांश हवे. ‘गृह’ आणि ‘आयजीबीसी’ या मानांकनांतही नैसर्गिक उजेडाला गुण आहेत. मात्र खिडकीचे क्षेत्रफळ कागदावर पुरेसे असून भागत नाही. ती समोरच्या भिंतीवर उघडत असेल तर ते नेटलीच झाले. घर पाहायला गेल्यावर खोलीच्या मध्यावर उभे राहून आकाशाचा तुकडा दिसतो का, एवढी चाचणी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा भरवशाची. एलईडीने वीज वाचते, पण भरदुपारी लावावा लागणारा एलईडी ही बचत नव्हे.

गोवंडी परिसरातील पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आहेत. ऑर यांच्या साडेत्रेसष्ट अंशांच्या जागी इथे हा कोन ८० च्या पुढे जातो. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहतीत ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबई यांनी केलेल्या अभ्यासात दाट बांधणी, अपुरा उजेड-वारा आणि क्षयरोग यांचा संबंध दिसून आला. तिथल्या खालच्या मजल्यांवर दुपारी बारालाही ट्यूबलाइट लावावी लागते.